किनारा कासवांचा, किंमत कोणाची?

भारतातील वन्यजीव संरक्षणाविषयी लिहिताना चांगली बातमी सांगण्याचा योग क्वचितच येतो. म्हणून ओडिशाच्या किनाऱ्यावरील २०२५ सालच्या हंगामाची नोंद आधीच करायला हवी. त्या वर्षी फेब्रुवारीत गंजाम जिल्ह्यातील ऋषिकुल्या नदीच्या मुखाशी सुमारे सात लाख, तर मार्चमध्ये केंद्रापाडा जिल्ह्यातील गहिरमाथा येथे सहा लाखांहून अधिक ऑलिव्ह रिडले कासवांनी वाळूत अंडी घातली, असा वन विभागाचा अंदाज आहे. त्याच्या आदल्या वर्षी ऋषिकुल्येला सामूहिक वीण झालीच नव्हती. त्यामुळे किनाऱ्यावरच्या गावांत आणि भुवनेश्वरच्या सरकारी कचेऱ्यांत या आकड्याने एकाच वेळी सुटकेचा निःश्वास टाकला गेला असेल, तर त्यात नवल नाही.

हे यश खरे आहे आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही. तरीही सार्वजनिक धोरणाच्या अंगाने पाहणाऱ्याला त्यापुढचे दोन प्रश्न विचारावेच लागतात. या यशाची किंमत कोण मोजतो आहे? आणि आजवर ज्या पद्धतीने हा किनारा राखला गेला, त्याच पद्धतीने तो यापुढेही राखता येईल का? गेली काही वर्षे या किनाऱ्याविषयी जे वाचले आणि तेथे जाऊन जे पाहिले, त्यावरून माझे मत असे झाले आहे की पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपण टाळत आलो आहोत आणि त्यामुळेच दुसऱ्याचे उत्तर अवघड होत चालले आहे.

आधी थोडा इतिहास. गहिरमाथ्याच्या सामूहिक विणीची शास्त्रीय जगाला ओळख झाली ती १९७४ मध्ये. मगरींच्या संवर्धनासाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेतर्फे भारतात आलेले एच. आर. बस्टर्ड यांनी ती नोंदवली. स्थानिकांना अर्थातच ती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. तोवर येथील अंडी परवाने घेऊन बोटी भरभरून नेली जात होती. १९७५ मध्ये भितरकनिका अभयारण्य घोषित झाले आणि अंड्यांचा हा व्यापार आटोक्यात आला. पण कासवांचा आणखी एक व्यापार समुद्रात चालू होता. वयात आलेली कासवे जाळ्यात धरून पश्चिम बंगालमधील दिघ्याच्या किनाऱ्यावर आणली जात आणि तेथून त्यांचे मांस कोलकात्याच्या बाजारात जाई. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जे. विजया या तरुण संशोधिकेने या कत्तलीची छायाचित्रांसह नोंद केली. ती देशभर गाजली. तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी त्यात लक्ष घातले आणि तटरक्षक दलाला या कामात उतरवण्यात आले. आजही हे दल दर हंगामात ‘ऑपरेशन ऑलिव्हिया’ या नावाने गस्त घालते.

म्हणजे भारतातील कासव संरक्षणाचे पहिले पर्व हे मागणी तोडण्याचे पर्व होते. कासव आणि त्याची अंडी ही विकण्याची वस्तू राहिली नाही, हे त्या पर्वाचे फार मोठे श्रेय. कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. कायद्याने एवढे तरी निश्चित साधले.

दुसरे पर्व सुरू झाले ते यांत्रिक मासेमारीने. आता कासव कोणाला नको होते, तरीही ते मरत होते. कोळंबीसाठी समुद्रतळाशी ओढल्या जाणाऱ्या ट्रॉलच्या जाळ्यात ते अडके आणि श्वास घ्यायला वर येता न आल्याने गुदमरून मरे. कासव पाण्यात राहत असले तरी त्याला फुप्फुसे आहेत, हे येथे लक्षात ठेवायला हवे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एकेका हंगामात दहा हजारांहून अधिक मृत कासवे ओडिशाच्या किनाऱ्याला लागत होती. १९९७ आणि १९९८ या सलग दोन वर्षी गहिरमाथ्याला सामूहिक वीण झाली नाही. नेमक्या त्याच काळात, सप्टेंबर १९९७ मध्ये, गहिरमाथा सागरी अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र १,४३५ चौरस किलोमीटर असून त्यातील जेमतेम २७ चौरस किलोमीटर जमीन आहे, बाकी सारे पाणी.

या पाण्यावरच पुढचा वाद उभा आहे. अभयारण्याच्या हद्दीत मासेमारीवर बंदी आली. त्याखेरीज राज्य सरकार दरवर्षी १ नोव्हेंबर ते ३१ मे या सात महिन्यांत धामरा, देवी आणि ऋषिकुल्या या तीन नद्यांच्या मुखांशी किनाऱ्यापासून २० किलोमीटरपर्यंत मासेमारी बंद ठेवते. पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून अशी ६१ दिवसांची जी यांत्रिक मासेमारीबंदी असते, ती निराळी. कासवांच्या दृष्टीने या बंदीची गरज वादातीत आहे. नर-मादी नोव्हेंबरपासून किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात जमतात, तेथेच त्यांचे मीलन होते आणि अंडी घालण्याच्या आधीचे कित्येक आठवडे मादी तेथेच वावरते. वाळू राखली आणि हे पाणी राखले नाही, तर वाळूवर यायला कासवे उरणार नाहीत.

पण बंदी कागदावर सर्वांना सारखी असली तरी समुद्रात ती सर्वांना सारखी लागत नाही. मोठा ट्रॉलर २० किलोमीटरच्या पलीकडे जाऊ शकतो. त्याच्याकडे इंजिनाची ताकद असते, बर्फ असतो, चार-सहा दिवस समुद्रात राहण्याची सोय असते. रात्री दिवे मालवून हद्दीत शिरण्याचे आणि गस्तीची बोट दिसताच पळ काढण्याचे बळही त्याच्याकडेच असते. लहान होडीवाल्याचे तसे नाही. त्याचा समुद्रच मुळी पहिल्या आठ-दहा किलोमीटरांचा. तो पकडलाही सहज जातो आणि एकदा होडी व जाळे जप्त झाले की वकील आणि जामीन यांतच त्याचा हंगाम संपतो. नुकसानभरपाई म्हणून सरकार नोंदणीकृत कुटुंबांना हंगामापोटी काही हजार रुपये देते. सात महिन्यांच्या रोजगाराशी या रकमेची तुलना कोणीही करून पाहावी.

येथे कायद्यातील एका तरतुदीकडे वाचकांचे लक्ष वेधणे आवश्यक वाटते, कारण संरक्षणाच्या चर्चेत ती क्वचितच ऐकू येते. १९९१ च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘२६ अ’ हे कलम आले. प्रादेशिक समुद्राचा भाग अभयारण्यात घ्यायचा असेल तर त्याची सीमा केंद्र सरकारच्या मुख्य नौदल जलआलेखकाशी विचारविनिमय करून आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यावसायिक हिताच्या रक्षणासाठी पुरेशी उपाययोजना केल्यानंतरच ठरवावी, असे ते कलम सांगते. ‘केल्यानंतरच’ हा त्यातील कळीचा शब्द. म्हणजे मच्छीमारांचे हित ही सरकारची मेहेरबानी नव्हे, तर सागरी अभयारण्याच्या वैधतेची ती पूर्वअट आहे. गहिरमाथ्यात क्रम उलटा झाला. आधी सीमा आखली गेली, मग बंदी आली आणि उपाययोजना वर्षानुवर्षे मागून येत राहिल्या. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय सक्षम समितीने २००४ मध्ये पारंपरिक होड्यांना बाहेरच्या पट्ट्यात काही सवलती द्याव्यात असे सुचवले होते. अशी शिफारस करावी लागली, यातच मूळ आखणीतील उणीव दिसते.

आता ट्रॉलरकडे वळू. त्यावरचा तांत्रिक उपाय फार पूर्वीपासून उपलब्ध आहे. ‘टेड’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे हे साधन म्हणजे जाळ्याच्या गळ्याशी तिरकी बसवलेली धातूची जाळीदार चौकट. कोळंबी गजांमधून मागे जाते. कासव गजांना अडून वरच्या किंवा खालच्या फटीतून बाहेर पडते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने भारतीय जाळ्यांना जुळणारी चौकट तयार केली आणि ओडिशाच्या नियमांत ती सक्तीची झाली. ट्रॉलरमालकांची तक्रार अशी की तिच्यातून कासवाबरोबर मासळीही निसटते. ती अगदीच निराधार नाही. पण निसटणाऱ्या मासळीचा हिशेब मांडून त्याची भरपाई देणे आणि मग बंदरातून निघणारे प्रत्येक जाळे तपासणे, हे दोन्ही आपण मनापासून केले नाही. नियम केला आणि त्याची अंमलबजावणी नशिबावर सोडली.

या दुर्लक्षाचा आंतरराष्ट्रीय अध्यायही उद्बोधक आहे. अमेरिकेने १९८९ च्या कायद्याने कासवांना सुरक्षित नसलेल्या पद्धतीने पकडलेल्या कोळंबीची आयात रोखली, तेव्हा भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड यांनी जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली. १९९८ मध्ये अपील मंडळाने अमेरिकेची अंमलबजावणी भेदभावाची ठरवली. मात्र कासवांचे रक्षण हा व्यापारावर बंधन घालण्याचा वैध हेतू असू शकतो, हेही मान्य केले. आपण निकालाचा पहिला भाग साजरा केला आणि दुसरा विसरलो. परिणामी २०१९ मध्ये अमेरिकेने भारतातून येणाऱ्या, समुद्रात पकडलेल्या कोळंबीला दार बंद केले. आपली बहुतांश निर्यात शेततळ्यांतील कोळंबीची असल्याने त्याचा आवाज फारसा झाला नाही. पण ज्याने जाळ्यात चौकट बसवली असती तर बाजार टिकला असता, त्या मच्छीमाराला तो फटका बसलाच. २०२१ च्या हंगामात शेकडो कासवे मरून पडल्याच्या बातमीची ओरिसा उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली, याचा अर्थ प्रश्न सुटलेला नाही.

संरक्षणाचा भार कोणावर किती पडतो, याची आणखी एक बाजू आहे. गहिरमाथ्यापासून १५ किलोमीटरच्या आत धामरा बंदर उभे आहे. टाटा स्टील आणि लार्सन अँड टुब्रो यांनी ते बांधले, २०११ मध्ये ते सुरू झाले आणि २०१४ मध्ये अदानी समूहाकडे गेले. त्याच्या उभारणीच्या वेळी मोठा वाद झाला. बंदरामुळे कासवे गहिरमाथा सोडून जातील, अशी भीती तेव्हा व्यक्त झाली होती. तसे झालेले नाही आणि हे प्रांजळपणे मान्य करायला हवे. बंदराच्या दिव्यांना आडोसे लावणे, त्यांचा झोत खाली वळवणे, असे उपायही आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या सल्ल्याने झाले. तसेच विणीच्या जागेला लागूनच असलेल्या अब्दुल कलाम बेटावर, म्हणजे पूर्वीच्या व्हीलर बेटावर, होणाऱ्या क्षेपणास्त्र चाचण्या विणीच्या तीन महिन्यांत थांबवण्याचे २०२४ च्या डिसेंबरात ठरले. हे सर्व स्वागतार्ह आहे. पण पद्धतीतील फरक पाहा. बंदराशी आणि संरक्षण खात्याशी बैठका झाल्या, तज्ज्ञ बसले, मधला मार्ग निघाला. होडीवाल्याला मात्र आदेश मिळाला. ज्याची ताकद मोठी त्याच्याशी वाटाघाट आणि ज्याची लहान त्याला मनाई, हे संरक्षणाचे तत्त्व होऊ शकत नाही.

दरम्यान, ज्या किनाऱ्यासाठी हे सारे चालले आहे तो किनारा स्वतःच जागेवर राहिलेला नाही. गहिरमाथ्याची मूळ वीण मुख्य भूमीला जोडलेल्या लांबलचक वाळूच्या पट्ट्यावर होत असे. १९८९ च्या वादळात तो पट्टा तुटला आणि त्याचे बेट झाले. पुढे त्याचेही तुकडे पडले. आज लाखो कासवे नासी नावाने ओळखल्या जाणाऱ्या अशाच चिंचोळ्या तुकड्यांवर येतात. जागा इतकी अपुरी की नंतर आलेल्या माद्या आधीच्या माद्यांची अंडी उकरून टाकतात. याच भागातील सातभाया ही गावे समुद्राने एकामागून एक गिळली. पाचशेहून अधिक कुटुंबांना बागपटिया येथील नव्या वसाहतीत हलवावे लागले. तेथील पंचुबाराही मंदिराच्या मूर्ती २०१८ मध्ये नव्या जागी नेल्या गेल्या. ज्या मूर्तींना गावातील मच्छीमार स्त्रियांखेरीज कोणी हात लावत नसे, त्या हलवण्यासाठी पुरुषांचे हात लागले. समुद्रापुढे माणसांचे नियमही कसे मोडतात, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

किनाऱ्याची ही झीज होण्यामागे अनेक कारणे आहेत. वादळे आहेत, समुद्राची वाढती पातळी आहे आणि नद्यांनी आणायचा गाळ वर धरणांत अडणे हेही आहे. महानदीवरचे हिराकूड धरण १९५७ पासून उभे आहे. वाळू ही नदीची देणगी असते. ती वरच्या अंगाला अडवली की खालचा किनारा उपाशी राहतो. कासवांच्या विणीचा प्रश्न असा संबलपूरपर्यंत जाऊन पोहोचतो, पण वन विभागाची फाइल अभयारण्याच्या सीमेपाशीच संपते. देवी नदीच्या मुखाशी याहून विचित्र प्रकार झाला. वादळापासून गावांचे रक्षण व्हावे म्हणून किनाऱ्यावर सुरूची दाट लागवड केली गेली. ती पुढे सरकत सरकत कासवांच्या वाळूपर्यंत आली. देवीच्या मुखाशी सामूहिक वीण गेली अनेक वर्षे दुर्मीळ झाली आहे. त्याला एकटे सुरूचे बन जबाबदार आहे असे मी म्हणणार नाही. पण एका खात्याचे संरक्षण दुसऱ्या संरक्षणाच्या मुळावर कसे येते, ते त्यातून दिसते.

गहिरमाथ्याच्या शेजारी ऋषिकुल्या ठेवून पाहिले की मुद्दा अधिक स्पष्ट होतो. येथील वीण १९९४ मध्ये बिवाश पांडव या संशोधकाने प्रथम नोंदवली. ऋषिकुल्येला अभयारण्याचा दर्जा नाही. किनाऱ्याला लागून पुरुणाबंधा, गोखरकुडा, पोडमपेटा अशी मच्छीमारांची गावे आहेत. मी तेथे गेलो तेव्हा हंगाम संपत आला होता आणि पिल्ले वाळूतून बाहेर पडत होती. पिल्लू अंधारात समुद्राच्या उजळ क्षितिजाकडे धावते. पण मागे महामार्गाचे आणि कारखान्यांचे दिवे असतील, तर ते उलट दिशेला निघते आणि उन्हात किंवा कुत्र्यांच्या तोंडी मरते. गावातील तरुण रात्रभर बादल्या घेऊन अशी भरकटलेली पिल्ले गोळा करत होते आणि पाण्याच्या कडेला नेऊन सोडत होते. त्यांच्यातील बहुतेकांच्या घरी सात महिन्यांच्या बंदीने ओढाताण होती. कासवाविषयी त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग होता तो रात्री दूरवर दिसणाऱ्या ट्रॉलरच्या दिव्यांविषयी, कारण ते दिवे त्यांची मासळीही नेत होते आणि कासवेही मारत होते.

मला वाटते, ओडिशातील संपूर्ण प्रश्नाची गुरुकिल्ली येथे आहे. लहान मच्छीमार आणि कासव यांचा शत्रू बऱ्याच अंशी एकच आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात ‘ओडिशा मरीन रिसोर्सेस कन्झर्वेशन कन्सोर्टियम’ या मंचावर पारंपरिक मच्छीमारांच्या संघटना आणि कासवांसाठी काम करणाऱ्या संस्था एकत्र आल्या, त्या याच जाणिवेने. सरकारी धोरणाने मात्र या नैसर्गिक मैत्रीचा पुरेसा उपयोग कधी करून घेतला नाही. उलट दोघांना आमनेसामने उभे करण्यातच त्याची शक्ती खर्च झाली.

मराठी वाचकांना याचे एक घरचे उदाहरण परिचयाचे आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून कासवांच्या घरट्यांचे रक्षण सुरू केले. पुढे २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला आणि पाहुण्यांच्या मुक्कामातून ग्रामस्थांच्या घरात चार पैसे येऊ लागले. कोकणात घरटी विखुरलेली आणि मोजकी असतात. अंडी कुंपणाआड हलवून उबवणे तेथे शक्य आहे. लाखो घरट्यांच्या ओडिशात ते शक्य नाही, त्यामुळे वेळासची नक्कल करा असे सांगण्यात अर्थ नाही. पण ज्याच्या दारात कासव येते त्याच्या पदरात काही पडावे, हे वेळासचे तत्त्व कुठेही नेता येईल. शिवाय हे दोन किनारे आपण समजत होतो तितके एकमेकांना परके नाहीत. मार्च २०२१ मध्ये गहिरमाथ्याला भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाने खुणेची पट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली. मधले अंतर सागरी मार्गाने सुमारे साडेतीन हजार किलोमीटरांचे. एका राज्याने राखलेले कासव दुसऱ्या राज्याच्या जाळ्यात मरू शकते, हा त्या पट्टीचा धोरणात्मक अर्थ आहे.

आणखी एक सावधगिरीची सूचना. ऑलिव्ह रिडले वयात यायला दहा-पंधरा वर्षे लागतात आणि हजार पिल्लांतून एखादेच तोवर जगते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. म्हणजे २०२५ चा आकडा हा आजच्या कारभाराचे प्रगतिपुस्तक नाही. एक-दोन दशकांपूर्वी जी पिल्ले वाचली, त्यांचा तो हिशेब आहे. आज आपण जे करतो किंवा करत नाही, त्याचा निकाल २०४० च्या आसपास लागेल. शिवाय वाळूचे तापमान वाढले की अंड्यांतून माद्यांचे प्रमाण वाढते आणि फार वाढले की अंडीच नासतात. त्यामुळे मोठ्या आकड्याने निर्धास्त होणे परवडणारे नाही.

मग करायचे काय? माझ्या मते चार गोष्टी तातडीच्या आहेत. पहिली, बंदीच्या सात महिन्यांची भरपाई प्रत्यक्ष बुडणाऱ्या उत्पन्नाशी जोडावी आणि ती हंगामाच्या सुरुवातीलाच हातात पडावी. दुसरी, होडी आणि ट्रॉलर यांतील फरक नियमांत ठळक करावा. कासवांचा जमाव जेथे आहे तेथे सर्वांना बंदी हवीच. पण जमावाची जागा दर आठवड्याला कळवता येत असेल, तर उरलेल्या पाण्यात बिनइंजिनाच्या होडीला मज्जाव करण्याचे कारण नाही. तिसरी, ट्रॉलरची तपासणी समुद्रात पाठलाग करून करण्यापेक्षा बंदरातच करावी. ज्या जाळ्यात चौकट नाही त्या बोटीला डिझेलचे अनुदान आणि परवाना मिळू नये. चौथी, अभयारण्याची सीमा दर काही वर्षांनी किनाऱ्याच्या नव्या रूपानुसार तपासावी आणि नदीच्या गाळाचा प्रश्न त्या आराखड्यात आणावा. या चारही बाबतींत गावांच्या समित्यांना निर्णयात स्थान हवे. केवळ बादल्या उचलण्याचे नव्हे.

यातले काहीही क्रांतिकारक नाही. बहुतेक गोष्टी कायद्यात आधीच आहेत किंवा कोणत्या तरी समितीने सुचवलेल्या आहेत. येत्या १ नोव्हेंबरला मासेमारीबंदीचा आदेश नेहमीप्रमाणे निघेल आणि तो निघायलाच हवा. त्या आदेशासोबत मच्छीमाराच्या खात्यात पैसे जमा झाल्याची आणि बंदरात जाळी तपासल्याची नोंदही जोडलेली असेल, तर ‘२६ अ’ कलमातील ‘केल्यानंतरच’ या शब्दाला पहिल्यांदाच काही अर्थ प्राप्त होईल.